घाटात गाडी बंद पडली तर

गाडी बंद पडणं हे मुळात फार महाग दुखणं नाही. फुटलेला होज पाइप, उडालेला फ्यूज, सैल झालेलं बॅटरीचं टर्मिनल, अडकलेला थर्मोस्टॅट, टायरमध्ये घुसलेला खिळा यांतलं बहुतेक काही गॅरेजमध्ये अर्ध्या दिवसात आणि आवाक्यातल्या पैशांत सुटतं. बिल फुगतं ते गाडी बंद पडल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत आपण जे करतो त्यामुळे. लाल दिवा लागलेला असताना 'वर हॉटेल आहे, तिथे थांबू' म्हणून दामटलेले दोन किलोमीटर, तापलेल्या रेडिएटरचं उघडलेलं झाकण, पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा मारलेला सेल्फ. पाइप काही शेकड्यांत येतो. इंजिनचं हेड, म्हणजे ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, वाकलं की इंजिन उघडावं लागतं.

देशावरून कोकणात उतरणारे रस्ते, म्हणजे ताम्हिणी, वरंध, कुंभार्ली, आंबा, गगनबावडा, आंबोली, हे गाडीत दडलेलं दुखणं हमखास वर काढतात. थोडक्या अंतरात सहाशे-सातशे मीटरची चढण, पहिला-दुसरा गिअर, पुढे भरलेला ट्रक, मागे एसटी, एसी चालू, आत पाच माणसं आणि परतीला डिकीत आंब्याच्या पेट्या. शहरात वर्षभर कसंबसं निभावून नेलेलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी), क्लच, बॅटरी सगळं तिथे एकाच वेळी ताणलं जातं. आणि नेमकी तिथेच मोबाइलला रेंज नसते.

तपासणी आदल्या रात्री करून उपयोग नाही. निघायच्या चार-पाच दिवस आधी, सकाळी, इंजिन थंड असताना करायची, म्हणजे काही सापडलं तर दुरुस्तीला वेळ उरतो. पहिली नजर कूलंटच्या पांढुरक्या टाकीकडे. पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये हवी. कमी असेल तर भरून मोकळं व्हायचं नाही, कारण बंद यंत्रणेतलं पाणी आपोआप संपत नाही. ते कुठून तरी जातंय. होजची दोन्ही टोकं, वॉटर पंपाच्या खालचा भाग, रेडिएटरचे कोपरे इथे हिरवे, गुलाबी किंवा पांढरे वाळलेले डाग शोधा. होज बोटांनी दाबून बघा. दाबल्यावर बारीक चिरा दिसल्या किंवा हाताला एकदम लिबलिबीत लागला तर तो बदलायच्या लायकीचा झालाय. मग इंजिन चालू करून एसी लावा. रेडिएटरचा पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला लागला पाहिजे. पंख्याची मोटर अर्धमेली असलेली गाडी हायवेला ऐंशीच्या वेगाने दिवसभर चालते, कारण तिथे वारा फुकट मिळतो. घाटात ट्रकच्या मागे पंधराच्या वेगाने चढताना तिचं पितळ उघडं पडतं. रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकलेले असतील तर साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. सर्व्हिस स्टेशनची प्रेशरची बंदूक जवळून मारली की पातळ पात्या आडव्या होतात आणि उलट हवा जायची थांबते.

बॅटरीसाठी तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर जवळ असावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा जास्त दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना दुसऱ्याला आकडा बघायला सांगा. तो दहाच्या बराच खाली गेला तर बॅटरी म्हातारी झाली, मग उभ्याने १२.६ दाखवत असली तरी तिचा भरवसा नाही. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं की अल्टरनेटर, म्हणजे चालत्या गाडीत बॅटरी भरणारं यंत्र, ठीक. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर स्वतःहून कमी-जास्त होतो, त्यांत दिवे आणि एसी लावून मोजा. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर हा पाच मिनिटांचा उद्योग टाळू नये. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. गरम पाण्यात खायचा सोडा घालून घासा, कोरडं करा, लावताना आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह, आणि वरून व्हॅसलिनचा हात. याला बहुतेक गाड्यांत दहा नंबरचा पाना लागतो. तो गाडीतच ठेवा.

टायरची हवा थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या तक्त्यानुसार भरा, गाडी भरलेली असेल तर तिथलाच भरलेल्या गाडीचा आकडा. पूर्ण आकाराच्या स्टेपनीत ३५ पीएसआय भरून ठेवा, कारण ती महिनोन् महिने कोणी बघत नाही आणि कमी करणं सोपं, रस्त्यावर भरणं अवघड. टायरच्या कडेवर शेवटचे चार आकडे तारीख सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर घाटात नेऊ नये. आणि हो, स्टेपनीवरही हीच तारीख असते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट: बोनेट उघडून उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेल्या वायरी बघा. इंजिनची ऊब त्यांना आवडते, आणि एका सेन्सरची वायर तुटली तरी गाडी रस्त्यात डोकं फिरल्यासारखी वागते.

डिकीत काय असावं यावर मोठमोठ्या याद्या फिरतात. त्यातलं खरोखर हाताला लागतं ते थोडं: पाच लिटर साधं पाणी, एक लिटर तयार कूलंट, एक लिटर इंजिनाचंच ऑइल, जाड तांब्याची जम्पर केबल, बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, ट्यूबलेस पंक्चरचा संच, जॅक, लांब दांड्याचा व्हील पाना, त्रिकोण, डोक्याला लावायचा टॉर्च, हातमोजे, दोन लाकडी ठोकळे, होज क्लिपा, आपोआप चिकटणारी सिलिकॉन टेप आणि फ्यूज. जम्पर केबल घेताना टोकाची तार सोलून बघा. स्वस्त केबलचं जाड आवरण फसवं असतं, आत केसासारख्या चार तारा निघतात आणि सेल्फ काही फिरत नाही. व्हील पान्याचं म्हणाल तर गाडीसोबत येणारा आखूड एल आकाराचा पाना बहुतेकदा कुचकामी ठरतो, कारण टायरवाल्याने हवेच्या बंदुकीने नट आवळलेले असतात. घरीच एकदा चारही चाकांचे नट सैल करून परत हाताने आवळून ठेवा. चाकाला कुलूप-नट असेल तर त्याची चावी कुठे आहे तेही त्याच वेळी कळतं. सीएनजीच्या गाडीत डिकीत सिलिंडर असल्यामुळे स्टेपनी कशी निघते ते घरी एकदा करून बघितलेलं बरं. अंधारात, पावसात, सामान बाहेर काढून शिकण्याचं ते काम नव्हे. सीएनजीच्या गाडीत पेट्रोलही पाव टाकी तरी असू द्या, नाहीतर घाटाच्या मध्यावर गॅस संपला की गाडी तिथेच.

आता चढण. गाडी तापते ती अचानक नाही, पण कितीतरी लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो. थंड इंजिनला निळा दिवा, तापलं की एकदम लाल. म्हणून इतर खुणा ओळखाव्या लागतात: एसी थंड करायचा बंद होतो, गाडी ओढायला जड वाटते, गोडसर वास येतो (तो कूलंटचा). चढताना गिअर उतरवायला कंजूषपणा करू नका. तिसऱ्यात कण्हत चढण्यापेक्षा दुसऱ्यात इंजिन मोकळं फिरू द्यावं, वॉटर पंप त्याच वेगाने फिरतो आणि पाणी खेळतं राहतं.

काटा वर सरकू लागला, पण लाल नाही झाला, तर एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगात लावा. मे महिन्यात हे करणं जिवावर येतं, पण हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तो आत फेकतो. इथेच एक महत्त्वाची खूण मिळते. इंजिन तापलेलं आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, याचा अर्थ पाणी संपलंय किंवा फिरत नाही. मग एक क्षणही पुढे जायचं नाही. काटा आधी खूप वर जाऊन एकदम खाली पडला तरी खूश होऊ नका. सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा पडला की तो असाच खोटं बोलतो.

लाल दिवा लागला की पहिल्या सुरक्षित जागी थांबा. पहिली म्हणजे दिसेल ती, मोक्याची नव्हे. बोनेटखालून वाफ येत असेल किंवा गाडीखाली पाण्याची धार दिसत असेल तर इंजिन ताबडतोब बंद. धार नाही, वाफ नाही आणि पंखा फिरतोय, तर एक-दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून काटा उतरतो का बघायला हरकत नाही. उतरत नसेल तर बंद करा. बोनेट उघडायची घाई नको, वाफ थांबू द्या.

रेडिएटरचं किंवा टाकीचं दाब धरणारं झाकण हा यातला सगळ्यात धोक्याचा भाग. कूलंट आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण दाबाखाली १२० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब एकदम जातो आणि त्याच क्षणी सगळं पाणी उकळून तोंडावर येतं. वरचा जाड होज हाताने सहज धरता येईल इतका गार होईपर्यंत, म्हणजे अर्धा ते पाऊण तास, झाकणाला हात लावायचा नाही. मग जाड ओलं फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या, त्यानंतर उघडा. तोंड बाजूला ठेवा. तापलेल्या इंजिनावर बाहेरून पाणी ओतू नका आणि आत गार पाणी भसकन घालू नका. ॲल्युमिनियमचं हेड आणि लोखंडाचं ब्लॉक वेगवेगळ्या वेगाने आकसतात, त्यात हेड वाकतं किंवा तडकतं.

वाट बघण्याचा अर्धा तास वाया घालवू नका. पंखा फिरत नव्हता तर फ्यूज आणि रिले (फ्यूजच्या डब्यातलं विजेचं छोटं चौकोनी स्विच) बघा. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि पंख्याचा रिले एकाच जातीचा असतो. वरचा नंबर आणि पायांची रचना तंतोतंत जुळत असेल तर अदलाबदल करून बघा. हॉर्नशिवाय घाट अवघड आहे, पण पंख्याशिवाय अशक्य. फ्यूज बदलताना रंग पाळा: १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. उडालेल्या पंधराच्या जागी तीसचा घातला की पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते.

होज फुटला असेल तर कुठे फुटलाय ते नीट बघा. पुष्कळदा चीर क्लिपच्या अगदी लगत, टोकाला पडते. होज थोडा लांब असेल तर तेवढं एक-दोन सेंटिमीटर टोक धारदार चाकूने सरळ कापायचं, आतली बाजू पुसायची, पुन्हा चढवून नवी क्लिप आवळायची. ही दुरुस्ती गॅरेजपर्यंत आरामात टिकते. चीर मध्येच असेल तर होज कोरडा करून सिलिकॉन टेप भरपूर ताणत, निम्मी-निम्मी एकावर एक चढवत गुंडाळायची. साधी इन्सुलेशन टेप गरम पाण्यापुढे पाच मिनिटं टिकत नाही.

पाणी भरताना इंजिन चालू, हीटर चालू, आणि थोडं थोडं घाला. बुडबुडे येत राहतात आणि पातळी खाली जाते, ती अडकलेली हवा निघतेय. पातळी स्थिर झाली की झाकण घट्ट करा. पण गार झालेलं इंजिन चालू करताच टाकीत सतत जोरात बुडबुडे यायला लागले, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघाला किंवा डिपस्टिकवर ऑइल चहाच्या रंगाचं आणि फेसाळ दिसलं तर हेड आणि ब्लॉकच्या मधलं हेड गॅस्केट गेलंय. अशी गाडी टोचन करूनच न्यायची. बाकी ठीक असेल तर एसी बंद ठेवून हळू निघा, दर चार-पाच किलोमीटरला थांबून पातळी बघा, आणि दुसऱ्यांदा लाल झाली की प्रयोग संपले, टोइंगच बोलवा.

चढणीवर क्लचही जळतो. ट्रकच्या मागे थांबताना गाडी हाफ क्लचवर तोलून धरायची सवय हे त्याचं कारण. हँडब्रेक ओढा, न्यूट्रल करा. एएमटी गाडीत (क्लचचं पेडल नाही, गिअर गाडीच बदलते) ॲक्सिलरेटरवर तोलून धरणंही तेच, आतला क्लच साधाच असतो. जळका वास आला तर बाजूला घेऊन अर्धा तास थांबा. त्यानंतरही ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतात आणि वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. घाट चढायचा नाद सोडा.

उतरताना उलटा प्रश्न: ब्रेक. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून भेटतात, आणि इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांत तर ते वाचतही नाही, कारण गिअरमध्ये पाय उचललेला असताना इंजिन इंधन जवळजवळ बंदच करतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत येते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. असं वाटताच गिअर आणखी उतरवा, पेडल भराभर दाबत-सोडत राहा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा आणि गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या नव्हे. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका. अर्ध्या तासात पेडल परत येतं, पण ऑइल बदलेपर्यंत त्यावर विसंबू नका.

गाडी सुरूच होत नसेल तर कानाने बरंच कळतं. सेल्फ मारल्यावर कट-कट-कट असा भराभर आवाज आला आणि मीटरचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहे. टर्मिनल आधी हाताने हलवून बघा. एकच जोरकस 'टक' आणि दिवे लख्ख, तर सेल्फ मोटर. काहीच आवाज नाही, तर ऑटोमॅटिकमध्ये गिअर पी किंवा एनवर आहे का, क्लच पूर्ण दाबलाय का, किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. बटणाच्या गाडीत रिमोटचा सेल संपला असेल तर बऱ्याच मॉडेलांत रिमोट थेट स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबलं की गाडी ओळखते. दार उघडायची किल्ली रिमोटच्याच पोटात असते. बहुतेक रिमोटना लागणारा सीआर २०३२ सेल पाकिटात एक ठेवायला काय जातं?

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेटत नाही, तेव्हा इग्निशन चालू करून मागच्या सीटजवळ कान द्या. पेट्रोल पंपाची दोन सेकंदांची घूं ऐकू आली पाहिजे. नाही आली तर त्याचा फ्यूज आणि रिले. आली, आणि गाडी गरम असताना बंद पडून अर्ध्या-पाऊण तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते, तर इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर संशय घ्या. ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा, छोटा रीडर असेल तर पी०३३५ हा कोड दिसू शकतो. गाडी चालली म्हणून पुढे जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण पुढचं मोठं गाव येईल तिथे सेन्सर बदला. तो पुन्हा दगा देणार हे नक्की.

जम्प स्टार्टचा क्रम पाठच हवा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नाहीत. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळा चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचा काळा आपल्या इंजिनाच्या रंग नसलेल्या जाड लोखंडी भागाला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडते, म्हणून. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. सुरू झाली की उलट्या क्रमाने काढा. अर्धा तास चालवली म्हणजे बॅटरी भरली असं होत नाही. घरी जाऊन चार्जरवर लावा. धक्का मारून सुरू करणं फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीत, इग्निशन चालू, दुसरा गिअर, आणि सपाट रस्त्यावर. घाटाच्या उतारावर हे अजिबात करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकला मदत नसते आणि स्टिअरिंग जड असतं. गाडी सुरू झाली नाही तर ती थांबवणार कशी?

चालत्या गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला तर बॅटरी नव्हे, चार्जिंग गेलंय. एसी, गाणी, चार्जर बंद करा आणि लगेच थांबून बोनेटखाली बेल्ट जागेवर आहे का बघा. बेल्ट शाबूत असेल तर दिवसा पेट्रोलची गाडी थोडं अंतर बॅटरीवर निघते. बेल्टच तुटला असेल आणि तोच वॉटर पंपही फिरवत असेल तर काही मिनिटांत इंजिन तापेल. ऑइलच्या कॅनचं लाल चित्र दिसलं तर मात्र विचारही करू नका, इंजिन तिथेच बंद. खडबडीत रस्त्यावर दगड लागून ऑइलचं चेंबर फुटलेलं असतं आणि ऑइलविना इंजिन मिनिटभरात सीझ होतं. पिवळा चेक इंजिन दिवा स्थिर असेल तर सावकाश जाता येतं. तो उघडझाप करत असेल तर एखादा सिलिंडर पेटत नाहीय, कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. ॲक्सिलरेटर सोडा, थांबा.

पंक्चरच्या बाबतीत खिळा लगेच उपटू नका. पंपाने हवा भरून बघा. हळू गळती असेल तर खिळ्यासकट पुढच्या टायरवाल्यापर्यंत जाता येतं. पंप लावताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर पंक्चर निघेल आणि बॅटरी उतरेल. चाक बदलायचंच असेल तर सपाट जागा, हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या समोरच्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करायचे, मग जॅक, तोही दाराखालच्या पट्टीवरच्या खुणेच्या जागीच. काढायच्या आधी स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवा, जॅक निसटला तर गाडी तिच्यावर बसेल. गंजाने चाक हबला चिकटलं असेल तर टायरच्या कडेला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी टाचेने मारा. नवं चाक लावल्यावर नट एकामागून एक न आवळता समोरासमोरचे आवळा, गाडी खाली घेऊन पूर्ण घट्ट करा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. बारीक स्टेपनी असेल तर ऐंशीच्या पुढे जायचं नाही. ती शक्यतो न चालणाऱ्या चाकाला लावा, म्हणजे बहुतेक गाड्यांत मागच्या.

पाण्याचं वेगळं. रस्त्यावरून वाहतं पाणी अर्ध्या चाकाच्या वर असेल तर थांबा. गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका. हवा फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असतं, पाणी दाबलं जात नाही, आणि सेल्फच्या जोरावर कनेक्टिंग रॉड वाकतो. विमा कंपन्या हे नुकसान पुष्कळदा 'तुम्ही नंतर केलेलं' म्हणून धरतात, इंजिन प्रोटेक्शनची जोड असेल तरच मामला वेगळा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडला पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या होत्या. अशी बुडालेली गाडी असेल तर इग्निशनसुद्धा लावायचं नाही, बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, फोटो काढायचे, विम्याला कळवायचं आणि ट्रकवर चढवून न्यायची.

रस्त्यावर थांबल्यावर माणसं आधी, गाडी नंतर. चारही दिवे लुकलुकते ठेवा, सगळ्यांना डोंगराच्या बाजूला किंवा कठड्यापलीकडे उभं करा, गाडीच्या मागे कोणी नको. त्रिकोण सरळ रस्त्यावर किमान पन्नास मीटर मागे, एक्सप्रेसवेला त्याहून लांब. घाटात मीटर मोजण्यापेक्षा वळण बघा. त्रिकोण वळणाच्या अलीकडे लावायचा, म्हणजे येणाऱ्याला वळायच्या आधी दिसेल. वळणानंतर लावलेला त्रिकोण शोभेचा. ट्रकवाले झाडाच्या फांद्या आणि दगडांची ओळ लावतात, ते दिवसा चालतं, पण निघताना ते दगड उचलायचेच. रात्री दुचाकीस्वारांना ते दिसत नाहीत. गाडी उतारावर असेल तर पुढची चाकं डोंगराकडे वळवून ठेवा.

मदतीचा नंबर राष्ट्रीय महामार्गावर १०३३, बाकी सगळीकडे ११२. कुठे आहात ते सांगायला किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि शेवटचं गाव लक्षात ठेवा. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. विम्याच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर पॉलिसीच्या पीडीएफमध्ये न ठेवता कागदावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, रेंज नसेल तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी हाती देऊन वरच्या गावात पाठवता येतो. ऑटोमॅटिक, चारही चाकं फिरणारी किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रकच मागवा. दोरीने टोचन करायची वेळ आली तर फक्त सपाटीवर, इग्निशन चालू ठेवून, कारण किल्ली काढली तर स्टिअरिंग लॉक होतं. टोचनचा हूक जॅकच्या सामानात असतो, बंपरचं छोटं झाकण काढून तो आट्यांवर पूर्ण फिरवून बसवायचा.

गॅरेजमध्ये पोहोचल्यावर नुसतं 'पाणी कमी होतं, भरलं' ऐकून गाडी घेऊ नका. पाणी कुठून गेलं ते दाबाची चाचणी करून दाखवायला सांगा. हातपंपाने यंत्रणेत दाब भरतात, आणि दहा-पंधरा मिनिटं काटा स्थिर राहिला तरच गळती नाही. वाटेत साधं पाणी घातलेलं असेल तर ते पूर्ण काढून कूलंट भरून घ्या, विहिरीचं किंवा बोअरचं जड पाणी आत राहिलं तर रेडिएटरमध्ये क्षार धरतात. आणि बदललेला जुना भाग हातात मागा. तुटलेला थर्मोस्टॅट किंवा गळका वॉटर पंप दोन मिनिटं निरखून बघितला की तो का गेला हे बहुतेक वेळा तोच सांगतो.